कुर्ल्याचा जाब कोणाला विचारायचा?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेत बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसने माणसे चिरडली. दुसऱ्या दिवसापासून सगळी चर्चा चालकाभोवती! त्याची चौकशी व्हावीच. पण बस कंत्राटदाराची, चालकही कंत्राटी. मग त्याच्या हाती बस देण्याआधी त्याचे प्रशिक्षण पुरेसे आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची होती?

हा प्रश्न पालिका सभागृहात विचारला गेला असता. पण सभागृहच नव्हते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली. नगरसेवक नव्हते, प्रभाग समिती नव्हती, बेस्ट समिती नव्हती. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या, असे संविधानाचे कलम २४३-यू सांगते. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद कोर्टात होता, हे खरे. सत्ताधाऱ्यांना तो सोयीचाही होता, हेही तितकेच खरे.

प्रशासक मते मागायला वस्तीत येत नाही, म्हणून त्याला वस्तीची भीतीही नसते. मोटारीतून फिरणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही. मरतो तो स्टेशनकडे पायी जाणारा कष्टकरी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. बेस्टने कंत्राटाच्या अटी आणि चालकांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी प्रत्येक वॉर्ड ऑफिसबाहेर लावाव्यात. त्यासाठी माहिती अधिकाराचे अर्ज घेऊन लोकांनी खेटे का घालायचे?