दिवेघाटाची बस



ज्येष्ठ लागला की अंधेरी पूर्वेला आम्ही राहतो त्या इमारतीत, लिफ्टशेजारच्या फलकावर एक रंगीत कागद झळकतो. एक दिवसाचा वारी अनुभव. पहाटे चारला बस, वाटेत नाश्ता, पांढरी टोपी आणि अष्टगंध बसमध्येच मिळेल, दिवेघाटात फोटोसाठी मोक्याची जागा, रात्रीपर्यंत घरी परत. आपली कला आणि संस्कृती मुलांना दाखवणे हे आपले कर्तव्य आहे, असे शेवटी ठळक अक्षरांत लिहिलेले असते. गेल्या वर्षी एक बस पुरली नाही म्हणून दुसरी करावी लागली.

त्याच फलकावर, जरा वरच्या कोपऱ्यात, आणखी एक कागद आहे. तो जुना आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. सोसायटीच्या सभागृहात कोणतेही वाद्य वाजवण्यास मनाई आहे, एवढेच त्यावर आहे. तो कागद आमच्यामुळे लागला.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना पुढचे सांगायला नको, पण गावाकडच्या वाचकांसाठी सांगतो. ही इमारत उभी आहे तिथे पूर्वी चाळ होती. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, सीप्झमध्ये, विमानतळावर कामाला लागलेली साताऱ्याची, कोल्हापूरची, रत्नागिरीची माणसे तिथे राहत. दर एकादशीला जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सतरंजी पडे आणि भजन चाले. वीणा एक, पखवाज एक, टाळ मात्र वीस-बावीस जोड. पखवाज वाजवणारे आमचे बुवा दिवसा लेथवर काम करीत. पाळी संपवून आले की हातपाय धुऊन आधी कणीक मळायला घेत, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला. मला त्यांचा ठेका काही जमला नाही, टाळ तेवढा जमला. पुढे पुनर्विकास झाला. प्रत्येकाला वर घर मिळाले आणि खाली सगळ्यांना मिळून बहुउद्देशीय सभागृह मिळाले. त्या बहुउद्देशांत वाढदिवस बसले, झुंबा बसला, सभासदांच्या पार्ट्या बसल्या. भजनाला जागा झाली नाही. चार एकादश्या कशाबशा झाल्या आणि तक्रार गेली.

मी अध्यक्षांना जाऊन भेटलो. सभ्य गृहस्थ आहेत, त्यांना वाईट म्हणणार नाही. ते म्हणाले, "काका, बंद जागेत टाळांचा फार आवाज होतो हो. तिकडे घाटात मोकळ्यावर ऐकायला काय छान वाटतं! तुम्ही पण चला ना या वर्षी बसमधून, ज्येष्ठांना सवलत आहे."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जो टाळ दीडशेहून अधिक किलोमीटर दूर जाऊन ऐकावासा वाटतो, तोच जिन्याखाली का खुपतो? आवाजाचे कारण खरे नाही. झुंब्याच्या भोंग्याने आमच्या खिडकीची काच थरथरते. खरे कारण मला असे वाटते, की टाळ शेजारी वाजू लागला म्हणजे माणसाला काहीतरी ठरवावे लागते. एक तर खाली येऊन बसायचे, नाही तर दार लावून घ्यायचे. घाटात या दोन्हींतून सुटका होते. तिथे कठड्यावर उभे राहून नुसते पाहता येते, आणि पाहून आलो याचे समाधानही मिळते. याला हल्ली सांस्कृतिक पर्यटन म्हणतात.

दिवेघाटाची निंदा मी करीत नाही. पुण्यातला मुक्काम आटोपून हडपसरला तुकोबारायांची पालखी वेगळ्या वाटेने लोणीकडे जाते आणि ज्ञानोबारायांची पालखी घाटाला लागते. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. वळणावळणाने पताका चढताना दिसतात. ते पाहून ज्याला काही वाटत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण ते पाहून झाले की बस वळते. घाटाच्या माथ्यापासून सासवड काही फार दूर नाही. तिथे सोपानकाकांची समाधी आहे, तिथूनच सोपानकाकांची पालखीही निघते. कऱ्हेकाठचे ते गाव कलेच्या आणि संस्कृतीच्या नावाने निघालेल्या आमच्या बसला दिसत नाही, कारण सासवडला जायचे तर दिंड्यांच्या मागून पायाच्या गतीने जावे लागेल आणि मग रात्रीपर्यंत अंधेरी गाठता येणार नाही.

आणि माउली, खरी वारी तर त्या संध्याकाळी तळावर असते. तुम्ही चालणारे आहात, तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना समाज आरतीची गोष्ट जरूर सांगा. पालखी तळावर येते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, शेकडो टाळांचा नुसता कल्लोळ. मग चोपदार दंड उंचावतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. अशा गर्दीत तशी शांतता दुसरीकडे कुठे मी अनुभवलेली नाही. पण एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहतात. ती गैरशिस्त नसते. त्या दिंडीची काही तक्रार असते. वाटेत अन्याय झाला असेल, क्रमावरून काही घडले असेल. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, तेव्हा टाळ थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते, आणि आरती होते. लाखोंच्या मेळ्यात तक्रारीलासुद्धा टाळ हेच साधन. कला म्हणायची तर ही आमची कला आहे, आणि ती फोटोत येत नाही. तिकडे चोपदार दंड उंचावतो तेव्हा आमची बस खंडाळ्याच्या आसपास वडा खात असते.

कोणी म्हणेल, म्हातारा शहरी माणसाला वारीत येऊ देत नाही. तसे नाही. शहरातली सुशिक्षित माणसे वारीत आली आणि त्यांनी आपल्यालाच आपली वारी दाखवली. दि. बा. मोकाशी १९६१ साली पालखीबरोबर चालले आणि १९६४ मध्ये त्यांचे 'पालखी' पुस्तक आले. ते काही माळकरी म्हणून गेले नव्हते. मनात शंका घेऊन गेले, पण चालले, तळावर झोपले, दमले. इरावतीबाई कर्वे चालल्या आणि 'वाटचाल' लिहून गेल्या. एकाच दिंडीत जातीप्रमाणे चुली वेगळ्या मांडलेल्या त्यांनी पाहिल्या, आणि त्याचे दुःख लपवले नाही. कठड्यावरून पाहणाऱ्याला पताकाच दिसतात. चूल वेगळी आहे हे कळायला जेवणाच्या पंक्तीपर्यंत जावे लागते. आमच्या संप्रदायाला असे पाहुणे हवे आहेत, मग त्यांनी चार कडू गोष्टी लिहिल्या तरी बेहत्तर.

कलेसाठी प्रवास करणे आपल्याला परके नाही, हेही त्या बसच्या आयोजकांना सांगायला हवे. नामदेवरायांएवढा प्रवास कोणी केला? पंढरीचे कीर्तन घेऊन ते पंजाबात गेले, गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले आणि अध्यक्ष होते देहूचे सदानंद मोरे, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांना आनंद झाला. पण नामदेवराय पंजाब पाहून परतले असते तर घुमानला आज त्यांचे नाव कोणी घेतले असते का? त्यांनी तिथली बोली तोंडात घेतली, तिथल्या माणसांत गायले.

दुसरा प्रवास साने गुरुजींचा. पंढरीचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून ते महाराष्ट्रभर हिंडले आणि मग मे १९४७ मध्ये पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषणाला बसले. हे मी मुद्दाम लिहितो. 'आपली महान संस्कृती' असे ज्या कागदावर छापलेले असते त्यावर हे कधी छापलेले नसते. चोखोबांची समाधी महाद्वारात पायरीपाशी आहे, आत नाही. पंढरपूरला पर्यटनासाठी जाणाऱ्याने त्या पायरीपाशी थांबावे आणि समाधी बाहेर का आहे हे मुलाला सांगावे. मुलाला संस्कृती दाखवायची ना? मग ती अर्धी दाखवू नका.

आता जरा आपल्याकडे वळतो, कारण नुसते बसवाल्यांना झोडपून भागणार नाही. कॅमेरा दिसला की पावलीला जोर चढतो, हे तुम्हीही पाहिले असेल. डोक्यावर ड्रोन घोंगावू लागला की अभंगाचे चरण विसरून हात हलवणारी आपलीच मुले असतात. मोठ्या गावांत कीर्तनाच्या मंचावर पडदे, रोषणाई, आणि बिदागीचे आकडे असे, की लहान गावाने बुवांना बोलावण्याचा विचारही करू नये. आपणच आपला कार्यक्रम मांडला, मग तो पाहायला लोक तिकीट काढून आले तर त्यांच्यावर किती रागवायचे? आणि वाटेवरच्या बायांचे काय होते पाहा. नीरेच्या काठी, टँकरपाशी, आडोसा नसलेल्या तळावर म्हाताऱ्या-तरण्या बाया अंग धुतात, कपडे बदलतात, आणि समोर उंच भिंगे लावून माणसे उभी असतात. 'सुंदर छायाचित्र' म्हणून ते कुठे लागते ते त्या बाईला कधीच कळत नाही. दिंडीच्या प्रमुखांनी अशा माणसाला हाताला धरून बाजूला न्यावे. मी एकदा नेले होते. तो म्हणाला, मी कलाकार आहे. मी म्हटले, माउली, ती आमची आई आहे.

एक आडवी गोष्ट. आमच्या भागातला महाकाली रस्ता सगळ्यांना माहीत आहे, रिक्षावाल्याला सांगावे लागत नाही. त्या रस्त्याने गेले की कोंडिविट्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत. एका लेण्यात स्तूपाभोवती गोल झोपडीसारखी भिंत खडकातच कोरली आहे. अंधेरीत चाळीस वर्षे राहून मी ती निवृत्त झाल्यावर पाहिली. म्हणजे दाराशी असलेले न पाहण्याचे पाप माझ्याही खाती आहे.

दाराशी काय काय आहे, सांगू? सकाळच्या लोकल गाड्यांत भजनी मंडळे आहेत. गर्दीत उभ्या माणसांच्या मधे टाळ आणि एक ढोलकी, डब्याच्या पत्र्यावर हाताचा ठेका, दसऱ्याला डब्याला हार-तोरण. त्यात गाणारा माणूस पुढे आठ तास खुर्चीवर किंवा यंत्रावर घालवणार असतो. काही प्रवासी वैतागतात, त्यांचेही मी समजू शकतो. आषाढीला ज्यांना पंढरीला जाता येत नाही ते वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात जातात. प्रतिपंढरपूरच म्हणतात त्याला. उपनगरांतून पायी दिंड्या निघतात. ज्ञानदेवांचा हरिपाठ पाऊण तासाच्या आत म्हणून होतो. यातल्या कशालाच बस लागत नाही. जो मुलगा वर्षभर कधी हरिपाठाला बसला नाही, टाळ कसा धरतात हे ज्याला माहीत नाही, त्याला वर्षातून एकदा घाटात उभे करून काय दाखवणार? तो बघेल आणि म्हणेल, ही माणसे किती छान आहेत. 'ही माणसे' म्हणेल. त्याचे आजोबा त्यांच्यातलेच होते हे त्याला कळणार नाही, आणि मला या सगळ्यात तेच सर्वांत जास्त लागते. आमच्या बुवांचा नातू त्या दुसऱ्या बसमध्ये होता. परत आल्यावर त्याने आजोबांना मोबाईलवर पखवाज वाजवणाऱ्याचा व्हिडिओ दाखवला. बुवांनी पूर्ण पाहिला आणि हात चांगला आहे एवढेच म्हणाले. त्यांचा स्वतःचा पखवाज त्याच खोलीत कपाटावर गवसणीत होता.

या वर्षी मी सोसायटीला लेखी पत्र दिले आहे. बस जरूर न्या, दोन न्या. पण निघण्याआधीच्या चार एकादश्यांना संध्याकाळी एक तास सभागृह भजनाला द्या, आणि बसमध्ये पहिल्या जागा त्या तासाला येऊन बसणाऱ्यांना द्या. दुसरे, बस घाटातून न वळवता सासवडपर्यंत न्या आणि समाज आरती झाल्यावरच सोडा, घरी यायला पहाट झाली तरी चालेल. हा माझा हट्ट आहे असे कोणी म्हणाले तर मान्य आहे. वारीत तक्रार असलेल्या दिंडीने टाळ थांबवायचे नसतात, तेवढेच मी करतो आहे. तुमच्या इमारतीतही असा फलक असेल. तुम्हीही पत्र द्या. पत्रावर दहा सह्या घ्या, त्यात दोन तरी आमच्या संप्रदायाबाहेरच्यांच्या असू द्या. आमच्या पत्रावर चौथी सही तळमजल्यावरच्या एका ख्रिस्ती बाईंची आहे, चाळीपासूनच्या शेजारी आहेत.

उत्तर अजून आलेले नाही. तोवर आमचे भजन बुवांच्या सातव्या मजल्यावरच्या घरी चालते, खिडक्या लावून, टाळांना रुमाल बांधून. पखवाज गवसणीतून काढला आहे. एकादशीला आठ वाजता सुरू करतो. अंधेरी पूर्वेला असाल तर या. ज्या दारासमोर चपलांची गर्दी दिसेल ते घर.