ध्वनिमुद्रण नसलेला गवई आणि न झालेला माहितीपट

१/ ६ डिसेंबर १९६९. कॅलिफोर्नियातील ऑल्टामाँट येथे ‘रोलिंग स्टोन्स’चे गाणे सुरू असताना मंचासमोर मेरेडिथ हंटर हा तरुण भोसकला गेला आणि मरण पावला. पुढच्याच वर्षी ‘गिमे शेल्टर’ हा माहितीपट आला. त्यात मेझल्स बंधूंनी मिक जॅगरला संकलनाच्या मेजापाशी बसवून तेच चित्रीकरण दाखवले आहे. निवेदकाचा शब्द नाही. जॅगर पाहतो आणि प्रेक्षक जॅगरकडे पाहतो.

२/ चिकित्सक माहितीपट म्हणतात तो हा. त्याने गाण्याची थोरवी तसूभरही कमी केली नाही. फक्त गाणाऱ्याला प्रश्नांपासून सूट दिली नाही.

३/ मराठी मुलुखात गवयावरचा माहितीपट बहुधा शाल-श्रीफळाच्या अंगाने जातो. गुलजारांचा भीमसेन जोशींवरील किंवा नंदन कुध्याडींचा मल्लिकार्जुन मन्सूरांवरील माहितीपट देखणे आहेत, पण त्यांची नजर भक्ताची आहे. ठळक अपवाद आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’चा. रमाबाई नगरातील १९९७च्या गोळीबारानंतर जीवन संपवणाऱ्या शाहीर विलास घोगरे यांच्यापासून तो निघतो आणि त्यांच्या चळवळीतील सहकाऱ्यांनाही अवघड प्रश्न विचारतो.

४/ आता कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६). त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. ज्याला ऐकताच येत नाही, त्याच्यावर माहितीपट काढायचा कसा?

५/ ही उणीव सामान्य नव्हे, कारण गाव साधे नव्हते. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घडवला तो येथेच. १९२९ साली ‘प्रभात’ स्थापन झाली तीही येथेच. १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट कोल्हापुरात चित्रित झाला. त्याचे संगीतकार आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतील नट होते गोविंदराव टेंबे, खाँसाहेबांना गुरुस्थानी मानणारे. म्हणजे शिष्याचा आवाज फितीवर उतरला. गुरू त्यानंतर चौदा वर्षे हयात होते. शाहू महाराजांच्या निधनानंतर ते मुंबईस गेले होते आणि तेथे तर ध्वनिमुद्रणाची सोय हाताशीच होती.

६/ तेव्हा हा अभाव योगायोग नव्हे. तो एका विद्येच्या राखणदारीचा भाग दिसतो. बंदिश आणि अनवट राग हे घराण्याचे धन होते, आणि धन तबकडीवर ठेवून बाजारात मांडत नाहीत. माहितीपटाने पहिला प्रश्न येथेच विचारावा: या राखणदारीने काय वाचले आणि काय कायमचे गेले?

७/ दुसरा प्रश्न आवाजाचा. अमलेटा संस्थानात अतिगायनामुळे त्यांचा आवाज बसला आणि पुढे त्यांनी बदललेल्या गळ्यासाठी गायकी नव्याने घडवली, असे परंपरा सांगते. ही दंतकथा म्हणून रंगवण्यापेक्षा शिष्यांच्या ध्वनिमुद्रिका शेजारी-शेजारी ठेवून तपासणे अधिक उपयोगाचे.

८/ तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, आणि म्हणूनच तो बहुतेक टाळला जातो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघींच्या तालमीत पैसा, आश्रयदाते आणि स्पर्धा यांचा हात होता. मोगूबाईंची तालीम मध्यंतरी खंडित झाली. त्या खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या आणि १९३४ साली पुन्हा खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. ‘गुरूची इच्छा’ एवढ्यावर हे प्रकरण मिटवणे मोगूबाईंवर अन्याय करणारे ठरेल. गंमत अशी की केसरबाईंची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली.

९/ साधने मात्र आहेत. खाँसाहेबांनी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितलेल्या आठवणी ग्रंथरूपात आहेत. टेंब्यांनी लिहिलेले चरित्र आहे. भूर्जी खाँकडून तालीम मिळालेल्या मन्सूर, धोंडूताई कुलकर्णी यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत. आठवणी आणि चरित्र जिथे जुळत नाहीत, ती जागा कॅमेऱ्यासाठी सर्वांत मोलाची.

१०/ आणि वास्तू? शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळाले. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या होती.