चाकाची कैफियत

घरोघरी जाती होती तोवर त्यांचा आवाज ओळखण्याची विद्या घरातल्या प्रत्येक बाईला अवगत असे. दाणे भरडले जात असताना निघणारी घरघर भरीव आणि निश्चिंत, पण वैरण घालायची राहिली की दगडावर दगड घासून उठणारी कोरडी खरखर माजघरात बसलेल्या आजीलाही कळे, आणि ती तिथूनच ओरडे की जाते रिकामे फिरते आहे. पाणचक्कीच्या या शहरात त्या विस्मृत शास्त्राची आठवण मला परवा जालना रस्त्यावर, क्रांती चौकाचा उड्डाणपूल उतरताना झाली. कारण मोटारीच्या मागील ब्रेकचे लायनर रोख दाम मोजून नुकतेच नवे बसविले असतानाही मागच्या डाव्या चाकातून नेमकी तशीच खरखर येत होती.

ज्या गॅरेजात काम झाले तेथे फिर्याद नेली, तेव्हा लायनर नवे आहेत, बसायला वेळ लागेल, असे उत्तर मिळाले. त्यात तथ्य नाही असे नव्हे. नव्या लायनरचा पृष्ठभाग ड्रमच्या गोलाईशी जुळेपर्यंत थोडी घासाघीस होतेच. परंतु वेरूळपर्यंत जाऊन खुलताबादचा घाट चढून-उतरूनही आवाज यत्किंचितही ओसरला नाही, तेव्हा दुसऱ्या खेपेस लायनरचा आणखी एक जोड बसविण्यात आला, आणि तिसऱ्या खेपेस प्रस्ताव आला की आता बेअरिंग बदलून पाहू. या 'बदलून पाहू'मधले बदलणे कारागिराचे असते, पाहणे मात्र गिऱ्हाइकाच्या खर्चाने होते.

अखेर एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी माझी जबानी घेतली: आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की एरवीही, वेगाबरोबर त्याची लय वाढते काय, उजवीकडे वळताना तो चढतो काय. हा शेवटचा प्रश्न निरर्थक नव्हता, कारण उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो आणि डाव्या चाकाचे बेअरिंग झिजलेले असल्यास त्याची घरघर तेव्हाच वाढते. माझ्या उत्तरांनी बेअरिंग जवळजवळ निर्दोष सुटले; तरीही शहानिशा म्हणून त्यांनी चाक जॅकवर उचलले, एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने ते सावकाश फिरविले, आणि बेअरिंगचा कंप स्प्रिंगमध्ये उतरत नाही याची खात्री करून मगच ड्रम काढला. आतली धूळ त्यांनी हवेच्या झोताने उडविली नाही, ओल्या फडक्याने टिपली. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, हे भान मोठमोठ्या गॅरेजांतही क्वचित दिसते.

दोष लायनरचा नव्हताच. वर्षानुवर्षे जुने लायनर जेवढ्या पट्ट्यात घासत आले तेवढाच ड्रम आतून झिजला होता आणि कडेला न झिजलेल्या, वर गंज चढलेल्या लोखंडाची उंच धार शिल्लक राहिली होती. नव्या लायनरची कड त्या धारेला फेरीगणिक खरवडत होती. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो. ती मर्यादा ओलांडली जात नाही हे मोजून त्यांनी दोन्ही बाजूंचे ड्रम लेथवर सारखे करून आणविले आणि खरखर थांबली. मागे डिस्क असलेल्या गाडीत शोध अर्थात वेगळा: बहुधा डिस्कमागचा पातळ पत्रा काम करताना वाकलेला, नाही तर त्यात खडा अडकलेला.

ज्या शहराच्या वाळूजमध्ये १९८५ पासून बजाजच्या गाड्या तयार होतात, शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या मोटारी, आणि जेथे दुचाकींचे ब्रेक बनविणाऱ्या एन्ड्युरन्सचे मुख्यालय आहे, तेथे कारखान्याच्या फाटकाआत प्रत्येक भाग गेज लावून मोजला जावा आणि फाटकाबाहेर तोच भाग अंदाजाने बदलला जावा, ही विसंगती मला असह्य वाटते. मात्र तिचे सगळे खापर कारागिरांवर फोडणे अन्यायाचे होईल. नव्या सुट्या भागाचे पैसे आपण मुकाट्याने देतो, कारण तो खोक्यातून निघताना दिसतो. पण अर्धा तास कान देऊन, चाक फिरवून केलेल्या तपासाचे पैसे मागितले की आपणच कपाळाला आठ्या घालतो. मग गॅरेजवाल्याने तपास करावा तरी कशाच्या बळावर? बिलात सुट्या भागांच्या आधी तपासणीचा स्वतंत्र रकाना असावा आणि त्यातली रक्कम गिऱ्हाइकाने घासाघीस न करता भरावी, एवढीच माझी सूचना आहे.

त्या मिस्त्रींनी लेथवाल्याचे पैसे आणि ड्रम काढण्याघालण्याची मजुरी तेवढी घेतली, तपासणीचे काही लावले नाही. ते त्यांनी लावायला हवे होते.