आठवड्याच्या किराण्याचा हिशेब कोण ठरवतो?

कामगार कुटुंबाने आठवड्याचा किराणा कसा भागवावा, यासंबंधी हितोपदेश करणाऱ्यांचा आपल्या देशात कधीच तुटवडा पडलेला नाही. यादी करून बाजारात जा, महिन्याचा जिन्नस एकदम भरा, अनावश्यक खर्च टाळा, असा उपदेश भांडवली वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून नित्य वाढला जातो. दिल्लीच्या सरहद्दीवरील कापसहेडा वस्तीत राहणाऱ्या शिवणकामगार स्त्रीला यातील एकही गोष्ट नवी नाही. महिन्याचे तेल एकदम घेतले तर स्वस्त पडते हे ती पक्के जाणते. परंतु एकदम घेण्यासाठी एकदम पैसा हाती असावा लागतो. तो नसतो म्हणून ती पाव किलो तेल, पाव किलो डाळ, अशी सुटी खरेदी करते आणि किलोमागे सुखवस्तू गृहिणीपेक्षा अधिक दाम मोजते. या वस्तीतील अनेक खोल्यांचे मालक स्वतःच किराणा दुकानदार आहेत. भाडेकरूने जिन्नस आपल्याच दुकानातून घ्यावा, न घेतल्यास खोली खाली करावी, असा त्यांचा दंडक. उधारीची वहीही त्यांच्याच हाती. वारावारांनी भरणारे सोमबाजार, बुधबाजार, शनिबाजार हाच काय तो दिल्लीतील कष्टकऱ्यांना मोकळा आसरा. तेथेही भाजी घ्यायची ती रात्री नऊनंतर, बाजार उठण्याच्या वेळी. काटकसरीची शिकवणी या स्त्रियांना कोणी द्यावी?

वास्तविक कामगार कुटुंबाच्या शिध्याचे माप या देशात फार पूर्वी ठरलेले आहे. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष एकमताने मान्य केले. कामगार, पत्नी व दोन मुले मिळून तीन उपभोग-एकके; प्रत्येक एककास दररोज २,७०० उष्मांकांचा आहार; शिवाय कापड, घरभाडे, इंधन. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यात शिक्षण, औषधोपचार आदींसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. म्हणजे आठवड्याच्या पिशवीत किती पडावे हा प्रश्न गृहिणीच्या हुशारीवर सोडलेला नाही, तो वेतनाचा प्रश्न म्हणून मान्य झालेला आहे.

आणि म्हणूनच मालकवर्ग त्या पिशवीवर तुटून पडतो. दिल्लीत मार्च २०१७ मध्ये अकुशल कामगारांचे किमान वेतन ९,७२४ रुपयांवरून १३,३५० रुपये करण्यात आले, तेव्हा कारखानदार-व्यापाऱ्यांच्या संघटना न्यायालयात धावल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्दबातल ठरवली. पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली, जिनसांचे भाव नव्याने गोळा झाले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये १४,८४२ रुपयांचा दर जाहीर झाला. अडीच वर्षे झगडा चालला तो डाळ, दूध आणि भाजीच्या मापावर.

हे वेतनही यमुनेपलीकडे वा हरियाणाच्या नाक्यापलीकडे पोहोचत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन १८,०६६ रुपये होते. त्याच वेळी नोएडात व गुडगावात ते ११ हजारांच्या आसपास होते. कापसहेड्याच्या कामगाराची गोष्ट तर आणखी विपरीत. तो राहतो दिल्लीत, भाडे भरतो दिल्लीचे, भाजी खातो आझादपूर मंडईतून आलेली. पण राबतो सरहद्दीपलीकडच्या उद्योगविहारात, आणि वेतन घेतो हरियाणाचे. शिवाय किमान वेतन कागदावर असणे वेगळे व हाती पडणे वेगळे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

सरकार म्हणते, आम्ही धान्य फुकट देतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. हा हक्क जनतेने लढून मिळवला आहे, त्याला आम्ही तुच्छ लेखत नाही. परंतु हिशेब तर मांडू. चौघांचे २० किलो धान्य म्हणजे दिवसाला सुमारे २,२०० ते २,३०० उष्मांक. १९५७ च्या निकषाने कुटुंबास हवेत ८,१००. चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक, एवढाच हा आधार. डाळ, तेल, भाजी, दूध ही सारी बाजारातून. त्यातही लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवर बेतलेली असून २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-श्रम पोर्टलवर नोंदलेल्या सुमारे ८ कोटी वंचित स्थलांतरितांना शिधापत्रिका देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत घालून दिली होती. मुदत केव्हाच उलटली.

महाराष्ट्रातील कॉम्रेड्सना या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक परिचित आहे. १९९८ साली कांद्याच्या भावाने दिल्लीचे राज्य घालवण्यास हातभार लावला, तेव्हापासून राज्यकर्त्यांना दिल्लीच्या कांद्याचे मोठे भय. म्हणून १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला निर्यातबंदी. आणि लासलगावचा शेतकरी रस्त्यावर. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती सर्व खर्च वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला होता, तेव्हा मात्र सरकारला घाई नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार ग्राहकाने कांद्यासाठी दिलेल्या रुपयातील सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्यास मिळतात. उरलेल्यात वाहतूक आहे, नासाडी आहे, हातगाडीवाल्याची तुटपुंजी मजुरीही आहे. तो आपला शत्रू नव्हे. पण मधला मलिदा साठवणूक व घाऊक व्यापार ताब्यात असलेल्यांचा आहे, आणि कामगाराने स्वस्त कांदा मागावा व शेतकऱ्याने त्याला शिव्या घालाव्यात हेच त्यांच्या सोयीचे आहे.

१९७२ साली मुंबईत कॉ. अहिल्या रांगणेकर, कॉ. तारा रेड्डी, मृणाल गोरे यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधात हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्याची आठवण आपण सभांतून अभिमानाने काढतो. त्या स्त्रियांना जाब विचारण्यासाठी तरी सर्वांसाठी असलेले रेशन दुकान समोर होते. १९९७ च्या लक्ष्यित वितरणाने ते दुकान बहुसंख्य शहरी कुटुंबांपुरते संपवले. आज जाब कोणाला विचारायचा हेच वस्तीतील बाईला कळेनासे करण्यात आले आहे.

आपलीही चूक येथे नमूद केली पाहिजे. आपल्या कामगार संघटना कारखान्याच्या फाटकाशी थांबतात आणि किराण्याचा प्रश्न ‘महिला आघाडीचा’ म्हणून बाजूस सारतात. वेतनवाढीच्या मागणीपत्रात महागाई निर्देशांकाचे आकडे असतात. पण आपल्याच सभासदाच्या घरी गेल्या आठवड्यात डाळ किती वेळा शिजली, याची नोंद नसते.

तेव्हा दिल्ली, नोएडा, फरिदाबाद व गुडगाव येथील प्रत्येक शाखेने निदान दहा घरे निवडावीत आणि लागोपाठ चार आठवडे तेथील खरेदी वहीत उतरवावी: जिन्नस, वजन, भाव, रोख की उधार, दुकान कोणाचे. त्याच चार आठवड्यांत नाशिक जिल्ह्यातील किसान सभेच्या साथींनी लासलगावात कांद्यास हाती पडलेला भाव लिहून ठेवावा. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडून त्या प्रथम युनियनच्या व किसान सभेच्या बैठकांत वाचाव्यात, आणि डाळ-तेलासह सार्वत्रिक रेशन, साऱ्या राजधानी परिसराला एकच किमान वेतन व कांद्याला रास्त हमीभाव या मागण्यांसह त्या संबंधित कार्यालयांत मोर्चाने नेऊन द्याव्यात.