नीलम विकायचाय? मग आधी बिल लिहायला शिका



दौंडच्या बॅचमधल्या काही जणांनी विचारलं होतं, "सर, ग्रहांचे खडे ठेवू का? मार्जिन चांगलं आहे म्हणतात." त्यावर व्हिडिओ केला, पण एक अडचण आली. मोबाईलच्या कॅमेऱ्यात नीलमचा रंग खरा येत नाही. काळपट खडा झळझळीत निळा दिसतो, चांगला खडा फिका दिसतो. म्हणून मुद्द्याच्या गोष्टी इथे लिहून देतोय. आणि पहिला धडा इथेच घ्या: व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बघून नीलम विकत घ्यायचा नाही.

माझं मत आधीच सांगतो. नीलम जरूर विका, पण त्या खड्यावर काय प्रक्रिया झाली आहे ते बिलावर लिहून द्या. ते लिहायची तुमची तयारी नसेल, तर हा माल दुकानात आणूच नका.

गिऱ्हाईक का येतं?

आपल्याकडे शिरूर-दौंडला नीलम मागणारा माणूस बहुतेक वेळा शनीसाठी येतो. कुणीतरी साडेसाती सांगितलेली असते. आता हिशेब बघा. साडेसाती एका वेळी बारापैकी तीन राशींना असते. म्हणजे कुठल्याही वर्षी साधारण चार माणसांत एकाला ती असतेच. ही मागणी कधी संपत नाही, म्हणून धंदा आकर्षक वाटतो. पण त्या माणसाला बहुतेक वेळा खड्यातलं काही कळत नसतं आणि त्याच्या डोक्यात काळजी असते. फसवायला सोपं गिऱ्हाईक आहे हे. म्हणूनच जबाबदारी आपली जास्त.

नीलम म्हणजे नक्की काय?

नीलम आणि माणिक ही सख्खी भावंडं. दोघांचं खनिज एकच, कुरुंद. क्रोमियममुळे तो लाल झाला की माणिक; लोह आणि टायटॅनियममुळे निळा झाला की नीलम. कठीणपणा ९, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल.

आपल्या जिल्ह्यात नीलम सापडत नाही. आपला दगड काळा बेसॉल्ट. शिरूरहून पुण्याला जाताना वाघोली लागते. तिथल्या दगडखाणींत कॅव्हन्साइट नावाचं सुंदर निळं खनिज निघालं, जगभरचे संग्राहक ते ओळखतात. पण ते मऊ असतं, अंगठीत टिकणार नाही. निळा दिसला म्हणून नीलम होत नाही, याचं उदाहरण आपल्या हायवेलाच आहे. बाजारात नीली म्हणजे आयोलाइट, टांझानाइट, निळं स्पिनेल आणि साधी काच हेही नीलमच्या नावावर खपवलं जातं.

रंग बघायची रीत

तीन गोष्टी बघा. निळ्यात हिरवट किंवा जांभळट झाक किती, रंग किती गडद, आणि रंगात जीव किती. मध्यम ते थोडा गडद आणि जिवंत निळा सगळ्यात महाग. शाईसारखा काळा स्वस्त. अगदी फिकाही स्वस्त.

दुकानातल्या एलईडीखाली खरेदी करू नका. दिवसा दाराशी या, ऊन थेट पडू देऊ नका आणि पांढऱ्या कागदावर खडा उलटा ठेवा. रंगाचे पट्टे असतील तर लगेच दिसतात. मग खडा सुलटा करून वर्तमानपत्रावर ठेवा. मधल्या भागातून अक्षरं वाचता आली तर खडा उथळ कापलाय. त्याला बाजारात 'विंडो' म्हणतात. वजन भरतं, पण चमक मधूनच गळून जाते. मागून बंद कोंदण असेल तर खडा सुटा करून मागा. खाली रंगीत पन्नी असू शकते.

खाणीच्या नावावर किती पैसे द्यायचे?

माझ्या मते, तुमच्या-माझ्यासारख्या दुकानदाराने जवळपास शून्य.

काश्मिरी नीलमचं नाव मोठं आहे आणि ते खरंही आहे. पाडर भागात, आजच्या किश्तवाड जिल्ह्यात, १८८१ च्या सुमारास दरड कोसळली आणि निळे खडे उघडे पडले. मखमलीसारखा रंग. पण १८८७ पर्यंत मुख्य साठा संपत आला होता. मग आज प्रत्येक गावात 'काश्मिरी' खडा येतो कुठून?

श्रीलंकेचा, म्हणजे सिलोनी माल, मुख्यतः रत्नपुरा भागातला. तो उजळ निळा असतो. म्यानमारमधल्या मोगोकचा गडद आणि भरीव. मादागास्करमध्ये इलाकाका इथे १९९८ ला मोठा साठा सापडला आणि तिथला काही माल सिलोनीसारखाच दिसतो. ऑस्ट्रेलियाचा बराच माल लोहामुळे काळसर. आणि 'बँकॉक नीलम' म्हणतात, तर बँकॉक ही बाजारपेठ आहे, खाण नाही. तिथे देशोदेशीचा माल येतो. खाण कुठली हे ठरवताना मोठ्या लॅबनाही मेहनत पडते. तुम्ही काउंटरवर बसून छातीठोकपणे सांगू नका.

खरा फरक प्रक्रियेत

नवीन माणूस मार खातो तो इथे.

तापवलेला नीलम: बाजारातले बहुतेक नीलम भट्टीत तापवून रंग सुधारलेले असतात. ही मान्य प्रक्रिया आहे, रंग टिकतो. पण न तापवलेल्या चांगल्या खड्याचा भाव वेगळाच.

डिफ्युजन: बाहेरून रंगद्रव्य आत मुरवलेलं. वरवरचं असेल तर पॉलिश करताना रंग जातो. किंमत खूप कमी.

काच भरलेला: भेगांत निळी शिशाची काच. सोनाराच्या उष्णतेने किंवा ॲसिडने खराब होतो.

सिंथेटिक: कारखान्यातला. घटक तेच, कठीणपणा तोच. शंभर वर्षांहून जास्त काळ बनतोय, म्हणजे आजोबांच्या अंगठीतलाही असू शकतो.

घरी काय तपासता येईल?

दुधात टाकून बघणं वगैरे सोडा, त्यातून काही सिद्ध होत नाही. चांगला काटा असेल तर खडा हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोला. नीलम पाण्यात साधारण पाव वजन गमावतो: ८ कॅरेटचा ६ भरतो. साधी काच किंवा नीली असेल तर जवळपास ५. पण सिंथेटिकही या परीक्षेत पास होतो, हे विसरू नका. १०x लूपखाली गोल बुडबुडे किंवा वळणदार रेषा दिसल्या तर थांबा. नैसर्गिक खड्यात रंगाचे पट्टे सरळ आणि कोनात असतात.

किमती खड्याला लॅब लागतेच. मुंबईत जीआयए, आयजीआय, जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आहेत, जयपूरला आयआयजीजे-रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर (पूर्वीची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी) आहे. रिपोर्टवर 'नॅचरल' एवढंच वाचून खूश होऊ नका, 'ट्रीटमेंट'चा रकाना वाचा आणि रिपोर्ट नंबर लॅबच्या वेबसाइटवर टाकून बघा. आणि गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा की अंगठीवरचा हॉलमार्क आणि एचयूआयडी सोन्याच्या शुद्धतेचा आहे. खड्याशी त्याचा संबंध नाही.

बिलावर काय लिहायचं?

"नीलम, नैसर्गिक, तापवलेला, ४.१२ कॅरेट, मापं अमुक, रिपोर्ट नंबर अमुक." बस, एवढी एक ओळ. वजन कॅरेटमध्येच लिहा, १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्ती कुठे १२१ मिलिग्रॅम धरतात, कुठे १८२. भांडणाचं मूळ तिथेच.

गिऱ्हाईक "तीन दिवस उशाखाली ठेवून बघतो" म्हणतं. नाही म्हणू नका. पण जांगड पावती करा: वजन, मापं, फोटो, परत करायची तारीख, सही. म्हणजे खडा बदलून येणार नाही. तुम्हीही व्यापाऱ्याकडून सुरुवातीला जांगडवरच माल आणा. समजा भांडवल १ लाख आहे आणि ६० हजार दोन खड्यांत घातले, तर दिवाळीत चांदीचे पैंजण भरायला पैसे कुठून आणणार?

भीती विकू नका

काही जण म्हणतील, "सर, तापवलेला लिहिलं तर गिऱ्हाईक उठून जाईल आणि शेजारचा न लिहिता विकेल." काही जातील, खरं आहे. पण आपला धंदा पाहुण्यारावळ्यांतून चालतो. शिरूरची मुलगी दौंडला दिलेली असते. एका लग्नात कुणीतरी तो खडा दुसऱ्या सराफाला दाखवतोच. त्या दिवशी तुमच्याकडून घेतलेल्या सोन्यावरही शंका येते. नीलमच्या एका मार्जिनसाठी तुम्ही सगळं दुकान डावावर लावता.

"हा घातला की कर्ज फिटेल, कोर्टकेस जिंकाल" असं तर कधीच बोलू नका, जाहिरातीत लिहू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, चमत्कारी गुणांचा दावा करून यंत्रं विकणाऱ्या टीव्ही जाहिराती राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर ठरवल्या. तो निकाल यंत्रांबद्दल होता, पण इशारा आपल्यालाही आहे. ज्याची श्रद्धा आहे त्याला चांगला खडा द्या, श्रद्धेवर वाद घालू नका. पण उसाचं बिल अडकलंय, डोक्यावर कर्ज आहे, आणि माणूस उधारीवर नीलम मागतोय, तर त्याला देऊ नका. छोटी चांदीची अंगठी दाखवा, चहा पाजा. तो पुढच्या वर्षी लेकीचे दागिने करायला तुमच्याकडेच येईल.

या आठवड्याचं काम: तुमचं बिलबुक काढा आणि त्यात 'खड्याचं वर्णन व प्रक्रिया' असा रकाना आखा. दुकानात आत्ता असलेल्या प्रत्येक निळ्या खड्यासाठी तो भरून बघा. ज्याच्यापुढे काय लिहायचं ते कळणार नाही, तो खडा शोकेसमधून बाहेर काढा आणि तपासायला पाठवा.