हात लावू नये

आमच्या इंजिनीयरिंग कॉलेजच्या गेटपाशी एक निवृत्त चेतक हेलिकॉप्टर ठेवलंय. चार वर्षं रोज त्याच्या बाजूने गेलो. पाटी एकच: 'हात लावू नये'. कुठल्या तुकडीचं, कुठे उडालं, कोणी उडवलं, काही नाही. शेपटीवरचा नंबरसुद्धा नव्या रंगाखाली गेलेला. परवा गेट-टुगेदरला गेलो तर आत कबुतरं नांदत होती आणि बाहेर आम्ही फोटो काढत होतो. मीही काढला. घरी आल्यावर स्वतःचीच चीड आली.

लष्करी विमान म्हटलं की आपल्याला फक्त वायुदल आठवतं. पण भूदलाची स्वतःची हवाई शाखा आहे, आर्मी एव्हिएशन. १ नोव्हेंबर १९८६ ला ती स्वतंत्र झाली. तिच्या पायलटांची शाळा २००३ पासून आपल्या नाशिकला आहे. किती जणांना माहीत आहे? (मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं, तेव्हा दगड जरा जपूनच मारतोय.)

मूळ त्याहून जुनं. तोफखान्याचा अधिकारी ऑस्टर नावाच्या, कापडाने मढवलेल्या चिमुकल्या विमानातून आघाडीवर घिरट्या घालायचा आणि आपले गोळे कुठे पडतायत ते रेडिओवरून तोफांना सांगायचा. विमानात हत्यार नाही, वेग बेताचा. याला म्हणत एअर ओपी. १९४७-४८ मध्ये काश्मीरमध्ये हे काम झालं. पुढे ऑस्टरच्या जागी एचएएलचं 'कृषक' आलं. १९५९ मध्ये पहिलं उड्डाण, आणि एकूण सत्तरच्या आसपास बनली. देशात डिझाइन केलेलं, लष्करात वापरलेलं विमान! तेजसवर आपण रात्र रात्र वाद घालतो, पण 'कृषक' म्हटलं की लोकांना ट्रॅक्टर वाटतो. मग आलं चीता. एका इंजिनाचं हे हेलिकॉप्टर सियाचिनच्या विरळ हवेत इतकं कमी ओझं उचलतं, की वरच्या ठाण्यांवर रॉकेल पोचवायलाही फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागतात.

आता माझा मुद्दा. आपण सांगाडा जपतो आणि इतिहास भंगारात घालतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त एक्झिक्युटेबल उरली, सोर्स कोड नाही, डॉक्युमेंटेशन नाही, आणि ज्याने लिहिलं तो कंपनी सोडून गेला, तर त्याला तुम्ही 'जतन' म्हणाल? विमानाचा सोर्स कोड म्हणजे पायलटची लॉगबुकं, दुरुस्तीची रजिस्टरं, आणि कडाक्याच्या थंडीत इंजिन चालू करणाऱ्या मेकॅनिकच्या डोक्यातल्या युक्त्या.

लोक म्हणतात, पैसे कुठायत? विक्रांतच्या वेळीही हेच ऐकलं. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ती बोट मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये भंगारात विकली गेली. बोट सांभाळायला पैसे लागतात हे मान्य. पण म्हाताऱ्या सुभेदारासमोर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग करायला किती लागतात?

दुसरं उत्तर म्हणजे गुप्तता. अहो, जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानेच धोरण जाहीर केलं: पंचवीस वर्षांहून जुनी कागदपत्रं तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायची. म्हणजे १९४८ च्या ऑस्टरचं गुपित सांभाळायची गरज सरकारलाही वाटत नाही.

आणि हे होऊ शकतं. इंग्लंडमध्ये मिडल वॉलप इथे भूदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, कोणीही तिकीट काढून आत जातं. लांब कशाला, आपल्या नौदलाने गोव्यात दाबोळीजवळ १९९८ मध्ये विमानांचं संग्रहालय उघडलं. गोव्याला गेलेल्या माझ्या मित्रांपैकी किती जण बीचवरून उठून तिथे गेले, ते विचारू नका.

घाई अशासाठी, की चीता आणि चेतक आता निवृत्तीच्या वाटेवर आहेत. येत्या काही वर्षांत अनेक गावांत, अनेक कॉलेजांत ती चौथऱ्यावर चढतील. चढवताना निदान नंबर तरी पुसू नका. पाटीवर दहा ओळी लिहा. आणि तुमच्या सोसायटीत कुणी आर्मी एव्हिएशनमधले काका असतील, तर या रविवारी मॉलऐवजी त्यांच्याकडे चहाला जा. लॉगबुक मागा, पानांचे फोटो काढा.

मी कॉलेजला पत्र टाकलंय, नंबर कुठला होता ते कळवा म्हणून. उत्तर आलेलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा टाकणार आहे.