रॉड बिघडला की दाब उतरला?

औंधच्या बाजूला वाड्यावस्त्यांवर शेतीचे पंप सुरू झाले, की टोकाच्या घरातला दिवा मिणमिणतो. (याच औंध संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथले नांगर आणि पंप पुढे गावोगाव गेले.) आंघोळीचे पाणीही तापत नाही. मग रॉड बिघडला म्हणून नवा आणायचा! आम्ही म्हणतो, भगिनींनो, आधी हिशेब करा.

रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट असे छापलेले असते. वॅटला व्होल्टने भागा. प्रवाह आला साडेसहा अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागा. रोध आला सुमारे ३५ ओहम. हा रोध रॉडच्या तारेचा, तो फारसा बदलत नाही. दाब १८० वर उतरला तर १८० भागिले ३५, म्हणजे ५.१ अँपिअरच वाहतात. १८० गुणिले ५.१, म्हणजे जेमतेम ९२० वॅट. वीस मिनिटांच्या पाण्याला अर्धा तास उलटून जातो. रॉड धडधाकट आहे.

धोका वेगळाच आहे. दाब पूर्ण असला की हाच रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, आणि दिव्यापंख्याचे लहान सॉकेट असते ६ अँपिअरचे, जुने तर ५ चे. पिन तापते, प्लॅस्टिक वितळते. १६ अँपिअरचे सॉकेट अर्थिंगसह बसवून घ्या. आणि बटण बंद करून, पिन काढल्यावरच पाण्यात हात घाला.